मधले कपाट : ग्रंथालयात मुलांसाठी नवी पुस्तके आणण्याचे एक वर्ष

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. मी तेथे नोकरीला नाही. कार्यकारी मंडळात महिला सदस्य हवी म्हणून मला दोन वर्षांपूर्वी घेतले गेले आणि सभांना हजर राहण्यापलीकडे काही काम पडेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते. जून 2024 मध्ये शाळा सुरू झाल्यावर माझी सहावीतील मुलगी माझ्याबरोबर ग्रंथालयात आली आणि मुलांची पुस्तके कुठे आहेत, असे तिने विचारले. ग्रंथपालांनी कोपऱ्यातील कुलूप लावलेल्या कपाटाकडे बोट दाखवले. किल्ली कोणाकडे आहे, हे शोधण्यात चार दिवस गेले.

पुढील अकरा महिन्यांत त्या कपाटाचा बालविभाग झाला. ज्या गावांत असेच एखादे कुलूपबंद कपाट असेल, तेथील कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे सर्व खर्चासह आणि आमच्या चुकांसह लिहीत आहे.

कपाट उघडल्यावर पहिले काम ग्रंथमोजणीचे होते. दाखल नोंदवहीत बालवाङ्मयाची 640 पुस्तके होती. प्रत्यक्षात 391 सापडली आणि त्यांतील वाचता येण्याजोगी 168 निघाली. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. मुलांचा हात पोहोचावा म्हणून त्यांची पुस्तके पूर्वीपासून सर्वांत खालच्या खणांत ठेवलेली होती आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी ग्रंथालयात शिरले, तेव्हा पहिल्यांदा तेच खण बुडाले. मोठ्यांच्या कादंबऱ्या वरच्या खणांत कोरड्या राहिल्या. फुगलेली पुस्तके उन्हात वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून कोणीतरी परत कपाटात ठेवली होती. ती उघडताना पाने एकमेकांना चिकटून फाटत होती आणि वासाने डोके दुखत होते. खराब पुस्तके अशीच रद्दीत टाकता येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि कारण लिहून यादी करावी लागते, ती मंडळाच्या सभेपुढे ठेवावी लागते, ठराव मंजूर झाल्यावर नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तांबड्या शाईने नोंद करावी लागते. याला निर्लेखन म्हणतात. आम्हाला यासाठी तीन आठवडे लागले. कंटाळवाणे असले तरी हे काम आधी उरकावे, असे मी सुचवेन. नवी पुस्तके आल्यानंतर जुन्यांकडे कोणी वळत नाही आणि लेखापरीक्षणाच्या वेळी तोच हिशेब पुढ्यात येतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आमचे कार्यवाह सांगलीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात गेलो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनांमध्ये, म्हणजे राज्य शासनाचा वाटा नसलेल्या योजनांमध्ये, बाल ग्रंथालय आणि ‘बाल कोपरा’ उभारण्यासाठी अर्थसाहाय्य मिळते, असे आम्ही वाचले होते. माहिती खरी होती, परंतु त्या वेळची मुदत संपून गेली होती आणि चूक सर्वस्वी आमची होती, कारण ती सूचना आमच्याच टपालाच्या फायलीत न वाचता पडलेली नंतर सापडली. अर्जाचा नमुना मात्र घेऊन आलो. तो इंग्रजीत किंवा हिंदीत, चार प्रतींत भरायचा असतो. सोबत संस्थेच्या नोंदणीचे दाखले, लेखापरीक्षण अहवाल, मंडळाचा ठराव आणि खर्चाचे अंदाजपत्रक लागते. ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी ही कागदपत्रे आधीच एका फायलीत लावून ठेवावीत, कारण सूचना निघाल्यावर मिळणारे दिवस दरपत्रके गोळा करण्यातच संपतात.

परतीच्या एसटीत कार्यवाह म्हणाले, “वहिनी, पुढच्या वर्षी बघू.” मला ते पटले नाही. पुढच्या वर्षी माझी मुलगी सातवीत असेल आणि तिच्या मैत्रिणीही, एवढाच माझा मुद्दा होता. परंतु पैसे मागायचे कसे, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. वर्गणी मागायला मी आयुष्यात कोणाच्या दारात उभी राहिले नव्हते.

शेवटी पैसे असे जमले. गावातील एका निवृत्त शिक्षिकेच्या कुटुंबाने त्यांच्या स्मरणार्थ 30,000 रुपये दिले. बारा सभासदांनी प्रत्येकी 1,000 रुपये दिले. कित्येक वर्षांची साठलेली वर्तमानपत्रे विकून 3,460 रुपये आले. उरलेले 4,728 रुपये ग्रंथालयाने आपल्या निधीतून घातले. वर्षअखेर एकूण खर्च 50,188 रुपये झाला. देणगीदारांना पावती त्याच दिवशी द्यावी आणि पैसे कशावर खर्च होणार हे पावतीवरच लिहावे. आम्ही ‘बालविभाग पुस्तके’ असे लिहिले आणि मग मांडणीसाठी तेच पैसे वापरता येतील का, यावर एक अख्खी सभा खर्ची पडली.

पुस्तकांची निवड हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग ठरला. पहिली खरेदी आम्ही आळसाने केली. एका विक्रेत्याने मुलांच्या पुस्तकांचा संच निम्म्या किमतीत देऊ केला आणि आम्ही शीर्षकांची यादी न मागता होकार दिला. खोके उघडले तेव्हा त्यात एकाच पंचतंत्राच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या, थोरांची सोळा पानी चरित्रे आणि शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या बोधकथा निघाल्या. माझ्या मुलीने एक उघडले, दोन पाने वाचली आणि “यात शेवटी काय होणार ते चित्रावरच लिहिलंय,” असे म्हणून ठेवून दिले. बराच वाद घातल्यावर विक्रेत्याने बहुतेक पुस्तके बदलून दिली. तेव्हापासून शीर्षक, प्रकाशन, आवृत्तीचे वर्ष आणि किंमत असलेली यादी हाती आल्याशिवाय आम्ही मागणी नोंदवत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाचवी ते आठवीतील पाच मुलांना बरोबर बसवले. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके स्वस्त असतात आणि अनेक विषयांवर मिळतात. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी एक ते चार अशी छापलेली असते, त्यामुळे नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी निवड सोपी जाते. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके महाग वाटली, परंतु वर्षभरात सर्वांत जास्त हाताळली गेली तीच. बालभारतीचे ‘किशोर’ हे 1971 पासून निघणारे मासिक आम्ही वर्गणी भरून सुरू केले. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो, ही गोष्ट बिले तपासताना लक्षात ठेवावी. आमच्या एका बिलात ती आकारणी चुकून झाली होती आणि सांगितल्यावर दुरुस्त करून मिळाली. या दोन्ही खेपा मिळून 238 पुस्तके 26,450 रुपयांना आली.

मांडणीसाठी गावातील फॅब्रिकेटरकडून दोन स्टीलचे रॅक करून घेतले. पुस्तकाचा कणा न दिसता मुखपृष्ठ समोर दिसावे, असे तिरपे खण आम्ही सांगितले आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून दीड फूट उंच ठेवला. फॅब्रिकेटरने कारण विचारले नाही. 2019 साली त्याचेही दुकान पाण्यात होते. प्रत्येकी 4,800 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी असे 11,328 रुपये झाले. दोन सतरंज्यांना 1,600 आणि नोंदवही, शिक्के, कार्डे यांना 940 रुपये लागले.

उद्घाटन 12 ऑगस्ट 2024 रोजी केले. डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा हा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या वर्षी तो दुसऱ्या श्रावणी सोमवारी आला आणि शाळा लवकर सुटल्यामुळे पन्नासेक मुले जमली. पुढे जे झाले त्याची मला अजून लाज वाटते. फीत लावलेली, पुस्तके फितीच्या पलीकडे, मुले सतरंजीवर आणि पाहुणे माइकसमोर. स्वागत, प्रास्ताविक, मनोगत आणि मोबाइलच्या दुष्परिणामांवर पाऊण तासाचे भाषण. फीत कापली तेव्हा निम्म्याहून अधिक मुले केळी घेऊन घरी गेली होती. पाच फुटांवर नवी पुस्तके असताना आम्ही मुलांना ती न उघडता दीड तास बसवून ठेवले होते. त्या संध्याकाळी 27 बालसभासद झाले. अनामत 50 रुपये आणि मासिक वर्गणी 10 रुपये ठेवली होती.

त्यानंतर भाषण नसलेले कार्यक्रम करायचे ठरले. आमच्या ग्रंथालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी आहे. शाळा साडेदहा ते पाच असल्यामुळे मुलांना यातली कोणतीच वेळ नीट सोयीची नव्हती. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून शनिवारी दुपारी तीन ते पाच बालविभाग उघडा ठेवायचा ठराव केला आणि मी व आणखी दोघी जणींनी आलटून पालटून थांबायचे ठरवले. पहिला अर्धा तास एक गोष्ट मोठ्याने वाचायची, मग ज्याने त्याने हवे ते वाचायचे. छोट्या मुलांसाठी स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळाचा फार उपयोग झाला. तेथील मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्यामुळे लेखक, चित्रकार आणि मूळ प्रकाशकाचा उल्लेख ठेवून त्या छापून वाटता येतात. एकच पुस्तक आणि तीस मुले ही अडचण त्यामुळे सुटली.

सप्टेंबरपर्यंत एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. पहिली ते चौथीची मुले शनिवारी दाराबाहेर वाट पाहत असत, परंतु सहावीपासून पुढची सहसा कोणी येत नव्हती. पुस्तके निवडायला बसलेल्या पाचांपैकी तिघे दिसेनासे झाले होते. माझी मुलगीसुद्धा काही ना काही निमित्त काढून घरी राहू लागली. त्या पाचांतील सातवीची एक मुलगी रस्त्यात भेटली तेव्हा मी तिला विचारले. तिने भिंतीवरच्या पाटीचा उल्लेख केला. “काकू, तिथे बालविभाग लिहिलंय. मी काय बाल आहे का?”

आम्ही रंगीत अक्षरांत, फुगे काढून ती पाटी लावली होती. तिच्याखाली पहिलीतल्या मुलांशेजारी सतरंजीवर बसायला बारा वर्षांच्या मुलीला संकोच वाटणार, हे घरात त्याच वयाची मुलगी असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. मोठ्यांच्या विभागात ही मुले गेली, तर देवघेवीच्या टेबलावरून “तुमचं कपाट तिकडे” असे सांगून त्यांना परत पाठवले जात होते. म्हणजे ग्रंथालयात त्यांना उभे राहायला जागाच नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटच्या सभेत मी मागणी केली की, दोन रॅकपैकी एक हलवून बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्या मधल्या खांबाजवळ ठेवावा, त्यावर कोणतीही पाटी लावू नये आणि त्या मुलांना मोठ्यांच्या कपाटांतूनही एक पुस्तक नेऊ द्यावे. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीवर तासभर चर्चा झाली. काही सदस्यांना मुले “नको ते” वाचतील अशी भीती होती. अखेर ग्रंथपालांनी पुस्तक पाहून द्यावे, असा मध्यममार्ग निघाला. आमचे ग्रंथपाल मितभाषी आहेत. त्यांनी सभेत एवढेच सांगितले की, मी स्वतः आठवीत असताना येथूनच सर्व रहस्यकथा नेल्या आणि माझे काही बिघडले नाही. पाटी नसल्यामुळे मुले त्या रॅकला मधले कपाट म्हणू लागली आणि आता नोंदवहीतही तेच नाव आहे.

या वयाच्या मुलांसाठी मराठीत पुस्तके शोधणे मात्र खरोखर कष्टाचे आहे. चित्रपुस्तके भरपूर निघतात आणि त्यांचा दर्जाही चांगला आहे. मोठ्यांच्या कादंबऱ्या आहेतच. मध्ये, अकरा ते चौदा या वयासाठी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून कितीतरी जणांचा भार उचलतो. आम्ही रहस्य, प्रवास, विज्ञान, क्रिकेट, अनुवादित साहसकथा असे विषय धरून शोधले. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर अनेक मराठी पुस्तके विनामूल्य मिळतात. ती मुलांनी घरी पाहिली आणि मग टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचा एक शनिवार त्यांनी स्वतःच ठरवला.

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. मंडळाच्या आग्रहाने आम्ही एका लोकप्रतिनिधींना बोलावले होते. त्याच दुपारी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली, आचारसंहिता लागली आणि ते येऊ शकत नसल्याचा निरोप आला. मंडळ हिरमुसले. मला मात्र मनातून हायसे वाटले, कारण हातात अचानक एक मोकळा तास आला. मधल्या कपाटातील वीस पुस्तके वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यांवर तीन-तीन खुणा लिहून ठेवायची कल्पना त्या सातवीच्या मुलीची होती: ‘बेट, चोरी, एक खोटा मामा’ अशा. नाव न पाहता, खुणा वाचून पुस्तक घरी न्यायचे आणि आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी कारण न देता परत करायचे. वीसच्या वीस पुस्तके पंधरा मिनिटांत गेली.

त्या यशाने थोडे डोके फिरले असावे, कारण नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुटीनंतर, आम्ही ‘सर्वाधिक पुस्तके वाचा’ अशी स्पर्धा लावली. एक मुलगा रोज तीन पुस्तके नेऊन दुसऱ्या दिवशी परत करू लागला. त्याला एका पुस्तकाबद्दल सहज विचारले तेव्हा त्याचा चेहरा पडला आणि पुढे तो दोन आठवडे फिरकला नाही. मी त्याच्या घरी जाऊन आईला भेटले. स्पर्धा मोडली आणि तिच्या जागी एक जाड वही ठेवली. पुस्तक आवडले वा नावडले, वाटल्यास त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, नाव घातले नाही तरी चालेल. “मधे खूप बोअर आहे पण पान 60 नंतर पळतं” अशा नोंदींनी जेवढी पुस्तके हलली, तेवढी आमच्या कोणत्याही फलकाने हलली नाहीत.

डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर 14 ते 22 तारखेदरम्यान पुणे पुस्तक महोत्सव होता. मंगळवारी 17 तारखेला मी आणि एक मैत्रीण पहाटेच्या एसटीने गेलो. महिलांना निम्मे तिकीट असल्याने प्रवासाचा खर्च आम्ही स्वतःच केला. बाकीच्या दिवसांपेक्षा आडवारी गर्दी कमी असते आणि दुकानदारांना बोलायला वेळ असतो. मुलांनी वहीत मागितलेल्या पुस्तकांची यादी आमच्याकडे होती, शिवाय प्रत्येक नवे पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून एक पान वाचायचे आणि दुसरे वाचावेसे वाटले तरच घ्यायचे, असा नियम आम्ही केला. 74 पुस्तके 9,870 रुपयांना मिळाली. बिले ग्रंथालयाच्या नावाने करून घ्यायला विसरू नये. एका ठिकाणी आम्ही विसरलो आणि ते बिल बदलून घेण्यासाठी संपूर्ण मैदान पुन्हा पालथे घालावे लागले. रात्री स्वारगेटला चार पिशव्या सांभाळत बस शोधताना, पुढच्या वेळी चाकांची बॅग आणायची, असे मी ठरवले.

1 ते 15 जानेवारी 2025 या काळात शासनाचा ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम होता. त्यात सामूहिक वाचन आम्ही केले आणि छायाचित्रांसह अहवालही पाठवला. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. त्या वर्षी पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत होत्या, त्यामुळे शनिवारच्या शिकवण्या सुरू झाल्या. एका पालकांनी येऊन शिष्यवृत्तीची मार्गदर्शके का ठेवत नाही, असे रागाने विचारले. आम्ही ती ठेवली नाहीत. एखाद्या शनिवारी दोनच मुले येत आणि मला हे सर्व व्यर्थ वाटू लागे. ग्रंथपाल म्हणाले, “पेरल्यावर रोज उकरून बघायचं नसतं, ताई.” मी तेव्हा त्यांच्यावर थोडी चिडलेच, कारण शनिवारी दुपारी रिकाम्या सतरंजीसमोर बसायला ते नव्हते, मी होते.

मार्चपासून मुले परतली. त्या वर्षी परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्या, म्हणून 23 एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनी काहीच न करता आम्ही उन्हाळ्याच्या सुटीचा पहिला आठवडा निवडला. सकाळी नऊ ते अकरा मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवायचे, असे ठरले. बाल म्हणवून घ्यायला तयार नसलेली तीच मुले सतरंजीवर मांडी घालून पहिलीतल्या पोरांना गोष्ट सांगत होती आणि ऐन रहस्याच्या जागी पुस्तक मिटून “बाकीचं उद्या” म्हणत होती.

मेच्या अखेरीस पुन्हा ग्रंथमोजणी झाली. बालसभासद 118 झाले होते आणि त्यांतील 41 सहावी ते आठवीचे होते. नव्या 312 पुस्तकांपैकी 303 जागेवर किंवा नोंदीनुसार घरी होती. नऊ सापडली नाहीत आणि ती सगळी मधल्या कपाटातील होती. मी निर्लेखनाची यादी करायला घेतली, तेव्हा ग्रंथपालांनी ती माझ्या हातून काढून ठेवली. दिवाळीपर्यंत थांबू, ती बहुधा कुणाच्या तरी घरी वाचली जात असतील, असे ते म्हणाले. कोलकात्याच्या अर्जाचा नमुना सध्या माझ्या टेबलावर आहे. अंदाजपत्रकात या वेळी तिसरा रॅक धरला आहे, दीड फूट उंचीचाच.